कंट्रोलरबाईंचं कॅबिनेट

३ मार्च, मंगळवार

या वहीत आजवर फक्त मापं लिहिली. कुणाचं कपाट, कुणाची खिडकी, उंची इतकी, रुंदी इतकी. सुतारकामाचा कारखाना बंद करून दीड वर्ष झालं, मागची साठ-सत्तर पानं कोरीच राहिली. आज मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

हिला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. साधासुधा नव्हे, गेम खेळायचा. ही म्हणजे माझी बायको, वय एकोणसाठ, बस डेपोत तेहतीस वर्षं कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा आली, हे तिने आयुष्यभर नोंदवलं आणि माइकवरून सांगितलं. स्वतः एकदाही गाडी चालवली नाही. निवृत्त झाल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने पलंगावर होती, तेव्हा तिला ट्रक चालवायचा खेळ सापडला. माल भरायचा आणि लांबच्या गावाला वेळेत पोहोचवायचा. मला वाटलं गुडघा बरा झाला की खूळ उतरेल. कसलं उतरतंय! आता तिचा एक ताफाच आहे. कुठले कुठले तीस-चाळीस लोक, आपापल्या घरून एकामागे एक ट्रक घेऊन निघतात, वाटेत गप्पा मारतात. हिला ते सगळे 'कंट्रोलरबाई' म्हणतात. जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळतं म्हणून नवा कॉम्प्युटर हवा, आणि तोही एकेक भाग निवडून जोडून घेतलेला, कारण तयार आणलेल्यात म्हणे नको ते जास्त आणि हवं ते कमी असतं.

तर आज दुकानात गेलो. तिथे जोडणीचं काम एक चाळिशीच्या ताई करतात. बोलायला साध्या, हाताने झटपट. त्यांनी सहज विचारलं, "खेळणार कोण?"

मी म्हणालो, "भाचा."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती, आपल्या बायकोचं हे वय, मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आणि ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने पर्सची चेन लावली आणि ताईंना विचारलं, "भाच्याला पूर्ण भरलेला ट्रक घाटात न अडखळता चढवायचा असला, तर ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं?"

पुढचा तासभर दोघीच बोलत होत्या. प्रोसेसर, मेमरी, किती वॅटचा पॉवर सप्लाय. हिने एकही प्रश्न वावगा विचारला नाही. मी एका कोपऱ्यात उभा राहून कॅबिनेटं, म्हणजे हे सगळे भाग बसवायची खोकी, बघत होतो.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "भाच्याला स्टीअरिंग पण लागेल, नाही का?"

५ मार्च, गुरुवार

दोन दिवस डोकं ठिकाणावर नाही. तेहतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, माझी बायको डेपो चालवते. तेव्हा छाती फुगायची. आणि परवा तीच बाई शेजारी उभी असताना मी भाचा काढला. भाचा तर बिचारा बँकेत आहे, त्याला पत्तेसुद्धा खेळता येत नाहीत.

माफी मागणं मला जमत नाही. हातांनी काहीतरी करून दाखवणं जमतं. सकाळी मी तिला म्हणालो, "कॅबिनेट मी करतो."

"लाकडाचं?"

"मग कशाचं? दुकानातली बघितलीस ना? पत्रा इतका पातळ की टिचकी मारली तर डबा वाजतो. नाहीतर काच आणि आत न्हाव्याच्या दुकानासारखे लाल-निळे दिवे."

ती हसली. परवापासून पहिल्यांदा हसली. म्हणून मी लगेच दुकानात गेलो आणि ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लाकडाचं करता येतं, पण नीट करावं लागतं. मग त्यांनी कागदावर मापं लिहून दिली, खाली आणखी चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "हे खालचं विसरू नका हं काका. मापांपेक्षा ते महत्त्वाचं." सगळे भाग ताई एका जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यावर बसवून देणार आहेत. मी तो पत्रा माझ्या खोक्यात नुसता सरकवायचा.

कागद खिशात घातला. मापं बघितली. खालचं वाचलं नाही असं नाही, नजर टाकली. पुढचा भाग जाळीचा ठेवा, फटी बुजवू नका, असलं काहीतरी. फटी ठेवायला मला शिकवतात!

१५ मार्च, रविवार

झालं. मोडीत निघालेल्या एका कपाटाचं सागवान होतं, बारा दिवस नसतील पण दहा दिवस त्याच्यावर गेले. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचा पाडून बसवलेले. पुढे दार, मागे पंख्यापुरतं गोल भोक, तारांना एक खाच. दाराच्या कडेला आतून लोकरी पट्टी लावली, धूळ जाऊ नये म्हणून.

आमच्या कामात चांगल्या कपाटाची एक परीक्षा असते. एक ड्रॉवर आत लोटला की शेजारचा आपोआप बोटभर बाहेर सरकला पाहिजे. म्हणजे आतली हवा कुठून निसटत नाही. या खोक्याला ड्रॉवर नाहीत, पण दार लोटलं की मागच्या भोकातून हुस्स करून हवा येते. मी दहा वेळा लोटून बघितलं. हात अजून आहेत.

जाळीबिळी काही लावली नाही. सागाला जाळी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं.

तिने वरून हात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाली, "सुंदर झालंय हो." पण विचारलंही, "हवा?"

"मागे भोक आहे की."

संध्याकाळी शेजारच्या दोघी आल्या तर त्यांना घेऊन आली खोलीत. "ह्यांनी केलंय," म्हणाली, "माझ्यासाठी." मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. ते ऐकलं आणि उगाच दुसरा पेला भरून घेतला.

१७ मार्च, मंगळवार

आज पहिल्यांदा चालवला. चित्र काय सुरेख! रस्त्याकडेचं गवत हलताना दिसतं. ही दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसली होती, पाठ ताठ, आरशात बघून सिग्नल देऊन वळत होती. सव्वीस मिनिटांनी पडदा काळा झाला, सगळं बंद. परत सुरू केला, वीस मिनिटं चालला. परत बंद.

नवीन आहे, बसेल हळूहळू, मी म्हणालो. तिने डेपोसारखी एक वही काढली आणि वेळा लिहायला सुरुवात केली.

१९ मार्च, गुरुवार

दुकानात नेला. खोकं जड आहे, असं हिला सांगून मी नुसता आतला पत्रा सरकवून काढला आणि पिशवीतून नेला. खरं कारण ते नव्हतं. मनात पाल चुकचुकत होती, आणि ताईंनी माझ्या कामाला नावं ठेवलेली मला नको होती.

दुकानात टेबलावर उघड्यावर दोन तास चालला. एकदाही बंद पडला नाही.

"इथे तर काहीच होत नाही," ताई म्हणाल्या. "कॅबिनेटला पुढून जाळी ठेवलीत ना काका? मी लिहून दिलं होतं."

दुकानाचे मालक गल्ल्यावरून बघायला लागले.

मी म्हणालो, "कागदावर मापं होती. बाकी काही नव्हतं."

"खाली होतं. चार ओळी होत्या."

"नसेल लिहिलं. मला तर दिसलं नाही."

मालक म्हणाले, "अहो ताई, किती वेळा सांगायचं, गिऱ्हाईकाला नीट समजावून देत जा." ताईंचे कान लाल झाले. त्यांनी खबरदारी म्हणून पॉवर सप्लाय बदलून दिला. मी पिशवी उचलली आणि मान खाली घालून निघालो. तो कागद त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होता.

घरी येऊन वाचला. चार ओळीच होत्या. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या. बारीक बारीक फाडून भुशाच्या पोत्यात टाकला.

२० मार्च, शुक्रवार

अठ्ठावीस मिनिटं. बंद.

ही म्हणाली, "दुकानात चालतो, घरी बंद पडतो. फरक काय? मशीन तेच, वीज तीच. तिथे मी नव्हते, इथे मी आहे."

मी म्हणालो, "असं नाही काही." पण काय आहे ते नाही म्हणालो.

२२ मार्च, रविवार

बंद पडल्यापडल्या दार उघडून आत हात घातला. ग्राफिक्स कार्डाला बोटं लागली आणि झटकन मागे घेतली. आत सरस वितळला असता. हवा यायला वाट कुठे आहे? मागचा पंखा हवा बाहेर ओढायला बघतो, पण पुढून काही आत येतच नाही, मी येऊ देतच नाही. मशीन जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतं.

म्हणजे ज्या सांध्यांसाठी लोक मला गाव ओलांडून शोधत आले, त्यांनीच ते आतल्या आत घुसमटवलं. आणि मला लिहून दिलेलं होतं.

लगेच सांगायला हवं होतं. ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारापर्यंत गेलो. तिने विचारलं, "काय हो?" मी म्हणालो, "चहा करतेस का?"

२५ मार्च, बुधवार

ती गुडघ्याच्या व्यायामाला गेली तेव्हा खोक्याच्या तळाला ड्रिलने सोळा भोकं पाडली, बाहेरून दिसू नयेत अशी. पण खोकं टेबलाला चिकटून बसतं, मग तळाच्या भोकांतून हवा यायची कुठून? टेबल खिडकीशी सरकवलं, कोपऱ्यातला पंखा वळवून ठेवला. चौतीस मिनिटं मिळाली.

येत्या रविवारी ताफ्याची मोठी फेरी आहे. पहिल्यांदाच तिला पुढे ठेवलंय, पहिली गाडी तिची, मागे अडतीस. फेरी पन्नास मिनिटांची. आठ दिवस नकाशा घेऊन बसली आहे, कुठे वळण, कुठे पूल, कुठे वेग किती.

दार काढून टाकलं तर सगळं सुरळीत होईल. पण काढलं तर ती विचारेल का. रविवारपर्यंत जाऊ दे. कदाचित त्या दिवशी गार हवा असेल.

२९ मार्च, रविवार

सकाळपासून तिची गडबड. केस नीट, इस्त्रीची साडी. मी म्हणालो, "तुला कोण बघणार आहे?" ती म्हणाली, "मी बघणार आहे ना."

अकरा वाजता तिने माइकमध्ये डेपोतल्याच आवाजात सांगितलं, "सर्व चालकांनी लक्ष द्यावे. ताफा अकरा वाजता सुटत आहे." तिकडून सगळे हसले, कुणी हॉर्न वाजवले. आणि ती निघाली. कितीतरी वर्षांनी तिचा तो आवाज ऐकला.

मी मागे पंखा धरून उभा होतो. घड्याळाकडे बघत होतो. वीस झाली, पंचवीस झाली. तिसाव्या मिनिटाला मी हळूच दाराला हात घातला, उघडून धरावं म्हणून. ती म्हणाली, "अहो, आत्ता हलवू नका काही!" मी हात काढला.

तेहतिसाव्या मिनिटाला ती एका अरुंद पुलावर होती. पडदा काळा.

मोबाइलवर निरोपांचा पाऊस सुरू झाला. पुलावर तिची गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या अकरा एकमेकांवर आदळल्या, काही नदीत गेल्या. कुणी हसत होतं, कुणी विचारत होतं, कंट्रोलरबाई झोपल्या का. तिने हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"काहीतरी चुकीचं दाबलं मी," ती म्हणाली. "दाबलं ना?"

मी म्हणालो, "असेल. घाईत होतं असं."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने म्हणालो. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला असं वाटू नये की नव्हतो म्हणालो.

१ एप्रिल, बुधवार

ताफ्यातला एक जण आहे, त्याला सगळे 'मिशा' म्हणतात. त्याचा फोन आला होता. ही त्याला सांगत होती, "दुसऱ्या कुणाला पुढे ठेव रे. मला नाही जमत ते. वय झालं आता."

वय झालं, असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. गुडघा कापला तेव्हासुद्धा नाही.

४ एप्रिल, शनिवार

मी बिजागऱ्या आणायला गेलो होतो, दोन तासांनी परत आलो. ही चालवतच होती. खोक्याचं दार उघडं होतं. मी लोटून घेतलं.

"का हो?"

"धूळ जाते आत."

"हो का," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली. मग वहीत काहीतरी लिहिलं. थोड्या वेळाने कॉम्प्युटर बंद पडला, तेही लिहिलं.

६ एप्रिल, सोमवार

तिची वेळांची वही हल्ली टेबलावर उघडीच असते. मी मिटून ठेवतो, ती परत उघडून ठेवते, तेच पान. पूर्वी इतका पसारा करणारी नव्हती. तिच्या वह्या मी वाचत नाही, तिचं काम तिच्यापाशी.

जेवताना म्हणाली, "डेपोत गाडी उशिरा आली ना, तर मी ड्रायव्हरवर कधी ओरडत नसे. नुसतं विचारायची, काय झालं? आणि पेन घेऊन थांबायची."

"मग?"

"मग काही नाही. कुणी खरं सांगायचं, कुणी टायर पंक्चर सांगायचं. मी सांगतील ते लिहायची."

जुन्या आठवणी फार निघतात तिच्या. डेपोची आठवण येत असेल.

९ एप्रिल, गुरुवार

आज तिने विचारलं, "त्या रविवारी काय झालं असेल हो?" हातात पेन होतं.

मी म्हणालो, "विजेचा दाब कमी-जास्त झाला असेल."

तिने लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. मला वाटलं, सुटलो.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी पोस्टात जोडणीवाल्या ताई भेटल्या. मला बघून रांगेतून बाहेर आल्या. मी दुसरीकडे बघितलं होतं, तरी आल्या.

"काकू कशा आहेत? चालतो का आता नीट?"

"चालतो," मी म्हणालो.

"माझंच चुकलं काका. मी तो कागद तुम्हाला तिथल्या तिथे वाचून दाखवायला हवा होता. मला अजून वाटतं मी लिहिलं होतं, पण मालक म्हणाले तसं नसेलही लिहिलं. आता मला जोडणीवर ठेवत नाहीत, पुढे बिलं करते. पण काकूंना माझ्यामुळे त्रास झाला, ते वाईट वाटलं."

आणि माझी माफी मागितली. पोस्टात, सगळ्यांसमोर. मी नुसता मान हलवत होतो. तिकिटं न घेताच घरी आलो.

ही ओट्याशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दार, जाळी, चार ओळी, कागद फाडला ते, ताईंना तोंडावर खोटं ठरवलं ते. मध्ये थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. ती ऐकत होती, गॅस बारीक केला तिने.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "चार तारखेला दार उघडून चालवला. पावणेदोन तास चालला. लिहून तुमच्यासमोर ठेवलं होतं."

म्हणजे ती वही. मी एखाद्या गाढवासारखा ती मिटत होतो.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, आता संपलं. पण तिची सवय, तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"बावीसला."

"बावीस मार्च?"

"हो."

तिने मनात हिशेब केला. तेहतीस वर्षं तेच केलंय तिने.

"म्हणजे रविवारच्या फेरीआधी."

"हो."

"मी पुलावर होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

मी मान हलवली.

"आणि मी विचारलं, मी काही दाबलं का. तेव्हाही माहीत होतं."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलं तुम्हाला नंतर कळलं असेल," ती म्हणाली. गॅस बंद केला आणि आत जाऊन बसली. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं, तिच्याकडे न बघता बसता आलं असतं.

१२ एप्रिल, रविवार

बोलत नाही. म्हणजे बोलते, मीठ द्या, पंखा लावा. मी काय म्हणू? लाज वाटते असं म्हणायचं तर तेही तिला ऐकायला लावायचं.

संध्याकाळी एकच वाक्य बोलली. "आधी त्या ताईंकडे जा. माझं नंतर."

१३ एप्रिल, सोमवार

दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. मग आत गेलो आणि मालकांना म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. यांनी सगळं लिहून दिलं होतं. मी वाचलं, मानलं नाही, आणि कागद फाडून टाकला. कॅबिनेट मी केलंय, चूक माझी आहे. आणि गेम भाचा खेळत नाही. माझी बायको खेळते. चांगली खेळते."

शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. पण तोंड उघडलंच होतं.

मालक गडबडले. "असं होय," म्हणाले, मग ताईंकडे बघून, "तुम्ही परत जोडणीला बसत चला मग." एवढंच. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण ताई बिलं बाजूला ठेवून उभ्या होत्या.

"फाडलात?" त्या म्हणाल्या. "तो कागद मी लिहिला की नाही म्हणून मी किती दिवस डोकं फोडून घेतलं, माहीत आहे? घरीही म्हणायला लागले, तुझं हल्ली लक्ष नसतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं." चाळीस वर्षांत हे शब्द किती वेळा म्हटले, मोजता येतील.

त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही. नवा कागद घेतला, पुढे किती उघडं, तळाला पाय किती उंच, पंखे कुठे, सगळं लिहिलं. मग तो माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मोठ्याने वाचा."

मी वाचलं. दोन गिऱ्हाईकं ऐकत होती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

१४ एप्रिल, मंगळवार

दार टेबलावर आडवं ठेवलं. गुण्या लावून काटकोनात रेघा मारल्या. परत मापलं. परत मापलं. ही येऊन स्टुलावर बसली होती, हे मला तिसऱ्यांदा मापताना दिसलं.

"किती वेळा मापणार?"

मी करवत घेतली. सागाला एक वास असतो, कापताना सगळ्या खोलीत भरतो. दोन विती लांबीचं माझं दार मधोमध पोकळ झालं. लोकरी पट्टी उपटून काढली, जाळी ठोकली, खिळ्यांनी. तळाला चार पाय लावले. दार लोटलं तर आता नुसतं टक् वाजतं.

चालवून बघितला. दोन तास चालला. खुराड्यासारखंच दिसतंय, मी म्हणालो होतो तसंच. तिने वहीत वेळ लिहिली आणि शेरा लिहिला नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज अकराला ताफा होता. तिने कुणाला काही कळवलं नव्हतं, नुसती ट्रक घेऊन जाऊन उभी राहिली. मिशा ओरडला, "कंट्रोलरबाई! बिघडलं काय होतं शेवटी?"

तिने कानावरचा माइक काढून माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "मी यांचा नवरा. कॅबिनेट मी केलं होतं. आत हवा जात नव्हती. मला आधी कळलं होतं, मी सांगितलं नाही. त्यांनी काही चुकीचं दाबलं नव्हतं."

मला वाटलं, आता काय काय ऐकावं लागतंय.

"बरं काका," मिशा म्हणाला. "निघायचं का? मागे गाड्या थांबल्यात."

झालं. महिनाभर ज्याने माझी झोप घालवली ते त्यांना दोन क्षणही पुरलं नाही. ते निघाले. पण ताफ्याचा एक नियम आहे. ज्याची गाडी वाटेत बंद पडून इतरांना अडवते, तो पुढच्या फेरीला सगळ्यात शेवटी. पुढे आता दुसराच कुणी असतो, आणि तो पुढेच राहणार असं दिसतं.

मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. एकेक करून अडतीस गाड्या निघून गेल्या, मग हिची हलली. पुलावर ती जरा सावकाश गेली. पन्नास मिनिटं होत आली तरी पडदा चालू होता, आणि तिच्या आरशात मागे कुणीच नव्हतं.

"माझ्यामुळे तुला शेवटी जावं लागतंय," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि गिअर बदलला.